गोदी कामगार : मुंबई व न्हावा-शेवा

बंदरात आलेल्या जहाजांवर माल चढविणे, त्यांतून तो उतरविणे, धक्क्यावर व छपरांत त्याची रचना करणे, त्याची मोजदाद ठेवणे आणि या कामी लागणारी यंत्रे चालविणे, ही कामे करणाऱ्या कामगारांना सामान्यतः गोदी कामगार म्हणतात. मूळ अर्थाने गोदी म्हणजे भिंतींनी बंदिस्त केलेला व दरवाजांच्या साहाय्याने आतील पाण्याची पातळी राखता येणारा जलाशय. मुंबईच्या व्यवहारात मात्र बंदराच्या कुंपणाआतील सगळाच भाग ‘गोदी’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि तेथे कोणतेही काम करणारा मनुष्य ‘गोदीत आहे’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. न्हावा-शेवा येथे मूळ अर्थाची गोदी एकही नाही. तेथे केवळ उघडे धक्के आहेत. तरीही खाडी ओलांडून हा शब्द तेथे गेला आणि त्याबरोबर नोकरीविषयीच्या काही अपेक्षाही गेल्या. त्या अपेक्षा व प्रत्यक्षात मिळालेले काम यांतील अंतर हा नवी मुंबईच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाचा विषय आहे. १९४८ च्या कायद्यात गोदी कामगाराची व्याख्या व्यापक केलेली असून मालाची चढउतार, हलवाहलव व साठवण यांशिवाय जहाज माल घेण्यास किंवा बंदर सोडण्यास सज्ज करण्याचे कामही तीत येते.

गोदीतील कामाचे मुख्य लक्षण म्हणजे त्याची अनिश्चितता. गिरणीत भोंगा रोज वाजतो; बंदरात जहाजे एके दिवशी दहा येतात, तर एके दिवशी एकही येत नाही. पावसाळा, वारा, भरती-ओहोटी, पिकांचे हंगाम आणि दूरदेशीची युद्धे या सर्वांचा परिणाम त्या दिवशी किती हात लागतील यावर होतो. जहाज धक्क्यावर जितके दिवस पडून राहील तितका मालकाचा तोटा वाढतो. म्हणून जहाज आले की पुष्कळ माणसे तातडीने हवी असतात व ते गेले की नकोशी होतात. यामुळे जगातील बहुतेक बंदरांत दाराशी ताटकळणाऱ्या मजुरांचा कायमचा जमाव निर्माण झाला. लंडनच्या गोदी कामगारांनी १८८९ मध्ये केलेला संप ताशी सहा पेन्स मजुरीच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्यामागची खरी वेदना ही रोज सकाळी निवडले जाण्यासाठी एकमेकांना ढकलत उभे राहण्याची होती. मुंबईची स्थिती याहून वेगळी नव्हती.

मुंबईतील पूर्वस्थिती : एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत मुंबईत मोठी जहाजे खाडीतच नांगरून राहत आणि पडाव, मचवे यांच्या साहाय्याने त्यांचा माल निरनिराळ्या बंदरांवर आणला जाई. कापसाच्या व्यापारामुळे ही व्यवस्था अपुरी पडू लागली. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. ससून गोदी १८७५ मध्ये खाजगी भांडवलातून तयार झाली होती. त्यानंतर पोर्ट ट्रस्टने प्रिन्स गोदी (लोकांच्या तोंडी प्रिन्सेस डॉक) १८८० मध्ये, व्हिक्टोरिया गोदी १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा (पुढे इंदिरा) गोदी १९१४ मध्ये वाहतुकीस खुली केली. या गोद्यांवर राबणारा मजूर मुख्यत्वे कोकण व घाटमाथ्यावरील जिल्ह्यांतून आलेला होता. त्याच्या जोडीला तेलुगूभाषिक व उत्तर हिंदुस्थानी मजूरही मोठ्या संख्येने होते. शेतीचा हंगाम संपला की मुंबई गाठावी व पेरणीला परत जावे, असा अनेकांचा क्रम असे.

या मजुराचा मालक नेमका कोण, हे सांगणे कठीण होते. जहाजावरील काम स्टीव्हडोर म्हणविणाऱ्या कंत्राटदारांकडे, तर धक्क्यावरील काम पोर्ट ट्रस्टला मजूर पुरविणाऱ्या टोळीवाल्यांकडे असे. टोळीवाला मुकादमास सांगे व मुकादम आपल्या गावच्या, नात्यातल्या किंवा आपल्या देण्यात अडकलेल्या माणसांची टोळी उभी करी. मजुरी मुकादमाच्या हातून मिळे आणि हातोहात घटे. मुकादमाच्या खानावळीत जेवणे, त्याच्याकडून उचल घेणे व त्याने सांगितल्याखेरीज दुसऱ्याकडे न जाणे, हे न लिहिलेले नियम होते. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे : मुकादम हा केवळ शोषक नव्हता. अनोळखी शहरात आलेल्या माणसाला झोपण्यास जागा व आजारपणात चार पैसे देणारा तोच असे, आणि म्हणूनच त्याची पकड सैल करणे कायद्यास पुढेही जड गेले.

जहाजावर प्रत्येक फाळक्यामागे (मालकोठ्याच्या तोंडामागे) एक टोळी काम करी. कोठ्यात उतरलेले मजूर पोती, गाठी वा पेट्या दोरखंडाच्या जाळ्यात रचत. फाळक्याच्या काठावरचा माणूस हातांच्या खुणांनी विंचमनला सूचना देई. धक्क्यावरील टोळी तो माल सोडवून हातगाडीवर किंवा डोक्यावरून छपरात नेई. धान्याचे पोते बहुधा १०० किलोचे असे. पोते पकडण्यासाठी हातात लोखंडी आकडी असे व ती प्रत्येकाची स्वतःची असे. गंधक, खनिज फॉस्फेट, काजळी, सिमेंट यांसारखा माल आला की पाळी संपल्यावर माणसे ओळखू येत नसत. दोर तुटणे, फाळक्यात पडणे, विंचमध्ये हात सापडणे हे अपघात नित्याचे होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९२९ मध्ये जहाजाने जाणाऱ्या अवजड वस्तूंवर वजन नोंदविण्याबाबत व १९३२ मध्ये गोदी कामगारांच्या अपघातांपासून संरक्षणाबाबत संकेत संमत केले. हिंदुस्थानात त्याच संदर्भात १९३४ चा गोदी मजूर कायदा झाला. तो सुरक्षिततेपुरताच मर्यादित होता. काम मिळेल की नाही, या प्रश्नाला त्याने हात घातला नाही. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात मोठ्या बंदरांतील मजुरांची नोंदणी करून त्यांची नैमित्तिकता कमी करावी अशी शिफारस केली होती. ती अंमलात येण्यास महायुद्ध व स्वातंत्र्य या दोन्हींची वाट पाहावी लागली.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी व सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच वेळी भरलेली होती. दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांत जहाज, गोदीचा भाग व लगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्यू पावले व त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एकूण मृतांची संख्या मात्र ८०० पासून १,३०० पर्यंत निरनिराळी दिली जाते. त्या काळी नैमित्तिक मजुरांची नावनिशीवार नोंद ठेवण्याची पद्धतच नव्हती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

मुंबई गोदी श्रम मंडळ : जगजीवनराम हे श्रममंत्री असताना ‘गोदी कामगार (रोजगार नियमन) अधिनियम, १९४८’ संमत झाला. त्यान्वये मुंबईसाठी १९५१ मध्ये योजना तयार होऊन मुंबई गोदी श्रम मंडळ अस्तित्वात आले. कलकत्ता व मद्रास येथील मंडळे त्यानंतरची होत. शासन, मालक व कामगार यांच्या समान प्रतिनिधित्वावर उभारलेले हे मंडळ भारतातील श्रमविषयक संस्थांत वेगळे उठून दिसते. कारण त्याने मालक व मजूर यांमधील मुकादमाची जागा एका सार्वजनिक संस्थेला दिली. जहाजावर काम करणाऱ्या मजुरांची नोंदणी करून त्यांचे मासिक कामगार व राखीव गटातील कामगार असे दोन वर्ग करण्यात आले. स्टीव्हडोराला माणसे हवी असल्यास मंडळाकडे मागणी नोंदवावी लागे व मंडळ पाळीपाळीने कामगार पाठवी. काम न मिळालेल्या दिवसाचे उपस्थिती वेतन, महिन्यातील ठरावीक दिवसांची वेतनाची हमी, भविष्यनिर्वाह निधी, पगारी सुट्टी व वैद्यकीय सेवा यांचा खर्च मालकांवर बसविलेल्या अधिभारातून भागविला जाई. धक्क्यावरील मजुरांबाबत टोळीवाल्यांची पद्धत मोडून पोर्ट ट्रस्टने त्यांना आपल्या थेट सेवेत घेतले. जहाजाचा गंज खरवडून रंग देणाऱ्यांसारखे उपेक्षित वर्ग या व्यवस्थेबाहेर राहिले होते. त्यांच्यासाठी १९५७ पासून स्वतंत्र योजना करण्यात आल्या.

कायद्याने जे दिले ते टिकविण्याचे व वाढविण्याचे काम संघटनांनी केले. पी. डिमेलो यांच्या नेतृत्वाखालील ट्रान्स्पोर्ट अँड डॉक वर्कर्स युनियन ही त्यांतील सर्वांत प्रभावी संघटना होय. जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगार चळवळीचे पहिले धडे डिमेलो यांच्या हाताखालीच घेतले. जून १९५८ मध्ये देशातील प्रमुख बंदरांत झालेल्या संपाने बंदर कामगार हा एक अखिल भारतीय घटक असल्याचे दाखवून दिले. फ्रिअर रोडला पुढे डिमेलो यांचे नाव देण्यात आले. त्यानंतरच्या पिढीत एस. आर. कुलकर्णी, मनोहर कोतवाल, शांती पटेल हे नेते पुढे आले. साठोत्तर दोन दशकांत गोदी कामगार हा मुंबईच्या श्रमिकांत सुस्थित गणला जाऊ लागला. मालाच्या टनामागे मिळणारा प्रोत्साहन भत्ता, वडाळ्याच्या वसाहतीतील घर आणि वारसास नोकरी मिळण्याची शक्यता यांमुळे कोकणातील अनेक गावांत ‘मुलगा गोदीत आहे’ हे विवाह ठरविताना सांगण्याजोगे वाक्य झाले. ज्या कामाला पूर्वी नाइलाजाने जावे लागे, ते वारसाहक्काने मागितले जाऊ लागले, हे परिवर्तन एका पिढीत घडले.

या व्यवस्थेचे दोषही होते. टोळीतील माणसांची संख्या मालाच्या स्वरूपानुसार ठरविलेली असे व यंत्र आले तरी ती सहसा कमी होत नसे. निरनिराळ्या वर्गांतील कामगारांनी परस्परांचे काम करावयाचे नाही, असा दंडक असे. जहाजे दिवसचे दिवस बाहेर तिष्ठत राहत व त्याचा भुर्दंड आयात मालावर पडे. मात्र याचे सर्व खापर कामगारांवर फोडणे इतिहासास धरून होणार नाही. जुन्या गोद्यांची अपुरी खोली, शहराने वेढलेले रस्ते, अपुऱ्या रेल्वे वाघिणी व जकातीची दिरंगाई ही कारणेही तितकीच प्रबळ होती.

कंटेनरचे आगमन : २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालमोटार व्यावसायिकाचे ‘आयडियल-एक्स’ हे जहाज नेवार्कहून ५८ पेटारे घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. कारखान्यात भरून मोहोरबंद केलेला पोलादी पेटारा मोटार, रेल्वे व जहाज यांवरून न उघडता थेट ग्राहकाच्या दारी नेणे, एवढीच ही कल्पना होती. पण तिने गोदी कामगाराच्या धंद्याचा गाभाच काढून घेतला. पोते, गाठ व पेटी हाताळण्याचे कौशल्य निरुपयोगी झाले. २० फुटी पेटारा वीस टनांहून अधिक माल घेऊन एका उचलीत धक्क्यावर येऊ लागला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील संघटनेने १९६० मध्ये यांत्रिकीकरणास संमती देऊन त्या बदल्यात वेतनहमी व निवृत्तीसाठी निधी मिळविला. ब्रिटनमधील १९४७ ची नोंदणीयोजना टप्प्याटप्प्याने क्षीण होत जाऊन १९८९ मध्ये कायद्याने रद्द झाली. भारतात पहिला कंटेनर १९७३ मध्ये कोचीन बंदरात उतरला. मुंबईच्या इंदिरा गोदीतही कंटेनर हाताळले जाऊ लागले; परंतु ज्या बंदरात पेटारा ठेवावयास मोकळी जमीन नाही, तेथे हे तंत्र पूर्णपणे रुजणे शक्य नव्हते. मोकळी जमीन खाडीच्या पलीकडे होती.

न्हावा-शेवा : मुंबईच्या पूर्वेस खाडीपलीकडे जोडशहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली. १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना झाली व ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनासाठी अधिसूचित करण्यात आली. न्हावा व शेवा या गावांच्या किनाऱ्यावर होणारे नवे बंदर या शहराचा एक आर्थिक आधार ठरेल, असे नियोजनकर्त्यांचे गणित होते. मुंबईच्या गोद्यांनी जसे हजारो हातांना काम दिले तसेच हे बंदरही देईल, असा समज स्थानिक लोकांत स्वाभाविकपणे पसरला.

या भूमीवर राहणारे लोक प्रामुख्याने आगरी, कोळी व कराडी समाजांचे होते. खाडीला बांध घालून मिळविलेल्या खारजमिनीत भात, मिठागरांत मीठ व खाडीत मासळी अशी त्यांची तिहेरी उपजीविका होती. एकाच कुटुंबातील माणसे ऋतुमानाप्रमाणे ही तिन्ही कामे करीत व त्यांत स्त्रियांचा वाटा पुरुषांइतकाच असे. भूसंपादनाच्या कागदावर मात्र यांपैकी फक्त सातबाऱ्यावरील जमिनीचे मूल्य होऊ शके. मिठागरात मजुरी करणाऱ्याचा, कुळवहिवाट सिद्ध करू न शकणाऱ्याचा आणि खाडीत जाळे टाकणाऱ्याचा हिशेब त्यात बसत नव्हता.

जमिनीच्या अल्प मोबदल्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांनी दीर्घकाळ लढा दिला. ते जासई गावचे. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व नवघर परिसरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. उरण तालुक्याला १९३० च्या चिरनेर येथील जंगल सत्याग्रहाची परंपरा होती व या घटनेचे स्मरण तेथे त्याच ओळीत केले जाते. या आंदोलनातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राइतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व पुढे आले व १९९० पासून ते सिडको क्षेत्रात लागू झाले. बंदरासाठी गेलेल्या जमिनींबाबत हा प्रश्न त्याहून कितीतरी अधिक काळ रेंगाळला. त्या भूखंडांची इरादापत्रे देण्याचा प्रारंभ १६ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाला. जासईत गोळीबार झाला त्या वर्षी जन्मलेले मूल तोपर्यंत तीस वर्षांचे झाले होते. शेवा कोळीवाड्याचे स्थलांतर उरणनजीक हनुमान कोळीवाडा येथे करण्यात आले. तेथील घरांना लागलेली वाळवी व अपुरी जागा यांविषयी ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आणि फेरपुनर्वसनाची मागणी लावून धरली.

२६ मे १९८९ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या बंदराचे उद्‌घाटन झाले व त्याला जवाहरलाल नेहरू यांचे नाव देण्यात आले. कंटेनरसाठी ६८० मीटर लांबीचा धक्का व खतांसारख्या सुट्या मालासाठी यांत्रिक धक्के अशी त्याची प्रारंभीची रचना होती. मुंबईसारखे गोदी श्रम मंडळ येथे स्थापन झाले नाही. टोळी, फाळका व मुकादम या परंपरेला येथे प्रवेशच नव्हता. सर्व कामगार बंदराच्या थेट सेवेत व त्यांची एकूण संख्या दोन हजारांच्या आत. मुंबईच्या गोद्यांत जितकी माणसे लागत त्यांच्या अल्पांशाने हे बंदर चालावे, हाच त्याच्या रचनेचा हेतू होता. तंत्रदृष्ट्या तो योग्यच होता. परंतु जमीन देताना लोकांच्या डोळ्यांसमोर जुने बंदर होते व प्रत्यक्षात आले ते नवे, ही गोष्ट त्या वेळी पुरेशा स्पष्टपणे कोणी सांगितली नाही.

प्रकल्पग्रस्तांपैकी काहींना बंदरात नोकरी मिळाली व त्या कुटुंबांची स्थिती निःसंशय पालटली. नियमित वेतन, निवास वसाहत, मुलांचे इंग्रजी शिक्षण यांमुळे उरण परिसरात एक नवा मध्यमवर्ग उदयास आला. पण एका सातबाऱ्यावर अनेक वारस असत आणि नोकरी मिळे ती फार तर एकाला. जी कामे निघाली ती यंत्रचालक, फिटर, विद्युत् तंत्रज्ञ, लिपिक अशा स्वरूपाची असल्याने शिकलेल्या तरुणांनाच त्यांचा लाभ झाला. मीठ काढणाऱ्या व मासळी विकणाऱ्या स्त्रियांच्या गेलेल्या कामाची भरपाई करणारे काम बंदरात नव्हते.

खाजगी टर्मिनले व कंत्राटी श्रम : १९९७ मध्ये करार होऊन १९९९ पासून न्हावा-शेवा आंतरराष्ट्रीय कंटेनर टर्मिनल (एनएसआयसीटी) सुरू झाले. प्रमुख बंदरातील हे देशातील पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल होय. त्यानंतर २००६ मध्ये गेटवे टर्मिनल्स इंडिया, २०१५ मध्ये आणखी एक लहान टर्मिनल व २०१८ मध्ये सिंगापूरच्या पीएसए कंपनीचे भारत मुंबई कंटेनर टर्मिनल यांची भर पडली. या सर्वांत बंदराचे स्वतःचे टर्मिनल मागे पडत गेले व २०२२ मध्ये तेही दीर्घ मुदतीच्या करारान्वये खाजगी संस्थेकडे सोपविण्यात आले. २०२१ च्या प्रमुख बंदर प्राधिकरण अधिनियमाने विश्वस्त मंडळाचे रूपांतर प्राधिकरणात झाले होते. अशा रीतीने बंदर हे माल हाताळणारे न राहता जमीनमालक बनले. या बंदरातून २०२२–२३ मध्ये ६० लाखांहून अधिक व २०२४–२५ मध्ये सुमारे ७३ लाख प्रमाण कंटेनरांची (२० फुटी मापाने) वाहतूक झाली. याच काळात प्राधिकरणाच्या थेट सेवेतील कामगारांची संख्या मात्र निवृत्तीमुळे घटत राहिली.

आजच्या टर्मिनलातील कामाचे चित्र असे : धक्क्यावरील उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत बसलेला चालक तासाला २५ ते ३० पेटारे उचलतो. खाली लॅशिंग करणारे कामगार पेटारे एकमेकांस जखडणाऱ्या लोखंडी दांड्या व कुलुपे सोडवितात. हाताने करावयाचे, उंचीवरचे व सर्वांत धोक्याचे असे हे काम असून ते बहुधा कंत्राटी कामगारांकडे असते. पेटारे ट्रॅक्टर-ट्रेलरवरून आवारात नेले जातात व तेथे रबरी चाकांच्या क्रेन त्यांची रास रचतात. कोणता पेटारा कोठे ठेवावयाचा हे संगणक ठरवितो. ही व्यवस्था यंत्रणेवर किती अवलंबून आहे हे २७ जून २०१७ रोजी कळले : जगभर पसरलेल्या संगणकीय विषाणूने मर्स्क कंपनीच्या सर्व यंत्रणा बंद पडताच तिच्या भागीदारीतील गेटवे टर्मिनलचे कामही ठप्प झाले. मोजणी, खडूच्या खुणा व तोंडी हिशेब यांवर काम चालविणारी पिढी तोपर्यंत निवृत्त झाली होती.

टर्मिनलांच्या कुंपणाबाहेर याहून कितीतरी अधिक रोजगार निर्माण झाला. उरण व पनवेल तालुक्यांत तीसहून अधिक कंटेनर मालस्थानके उभी राहिली. तेथे पेटारे उघडून माल काढणे, भरणे, तपासणीसाठी मांडणे ही कामे चालतात व त्यांत जुन्या गोदीतील श्रमाचे स्वरूप पुष्कळसे टिकून आहे. पोती आजही पाठीवरूनच जातात. हे मजूर गोदी कामगारांच्या कायद्याखाली कधीच आले नाहीत. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून झालेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार काही ठिकाणी मिळाला, तर काही ठिकाणी कंत्राटदाराची मर्जी हाच नियम राहिला. चालक, क्लीनर, टायरदुरुस्ती, खानावळी हा आणखी एक थर. यांतील चालकांत परप्रांतीयांचा भरणा मोठा असून स्थानिक लोकांनी मुख्यतः ट्रेलरची मालकी, मजूरपुरवठ्याची कंत्राटे व जमिनीचा व्यवहार यांत प्रवेश केला. मुंबईच्या गोदीतून कायद्याने घालविलेला मुकादम येथे निराळ्या नावाने परत आला, असे म्हणावे लागते. २०१६–१७ पासून आयातदाराने बंदरातूनच थेट माल उचलावा या धोरणास गती मिळाली. व्यापाराच्या दृष्टीने ते हितावह ठरले; परंतु मालस्थानकांचे काम घटून तेथील रोजगारावर गदा आली व स्थानिक संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलने केली.

मुंबईच्या बाजूला जुनी व्यवस्था शांतपणे मिटत गेली. १९९४ मध्ये मुंबई गोदी श्रम मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन करण्यात आले. १९९७ च्या कायद्याने प्रमुख बंदरांना १९४८ च्या अधिनियमातून वगळण्याची वाट मोकळी केली. सुरक्षिततेसाठी १९८६ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला होता; त्यातील तरतुदी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. स्वेच्छानिवृत्ती योजनांतून हजारो कामगार बाहेर पडले व नवी भरती जवळपास थांबली. प्रिन्स व व्हिक्टोरिया या गोद्या नियोजित कंटेनर टर्मिनलासाठी भराव घालून बुजविण्यात आल्या. ते टर्मिनल मूळ योजनेप्रमाणे पूर्णत्वास गेले नाही.

प्रमुख बंदरांतील नियमित कामगारांचे वेतन आजही सर्व बंदरांसाठी एकत्रित वाटाघाटींनी ठरते. ऑगस्ट २०२४ मध्ये कामगार महासंघांनी संपाची नोटीस दिल्यानंतर, संपाच्या आदल्या दिवशी, २७ ऑगस्ट रोजी तडजोड झाली व १ जानेवारी २०२२ पासून साडेआठ टक्के वाढ मान्य करण्यात आली. हा करार प्राधिकरणांच्या सेवेतील कामगारांपुरता आहे. खाजगी टर्मिनलांत कंपनीगणिक निराळे करार होतात, त्यांची मुदत निराळी असते व तेथील संघटनाही प्रायः निराळ्या असतात. लॅशिंग करणारा कंत्राटी कामगार व क्रेनचालक एकाच जहाजावर एकाच पाळीत काम करीत असूनही एका वाटाघाटीत बसत नाहीत.

न्हावा-शेवा येथे आता नोकरीची संधी आहे ती क्रेन व अवजड वाहने चालविणारे, यांत्रिकी व विद्युत् देखभाल करणारे, संगणकावरून आवारनियोजन करणारे आणि जकात व मालवाहतुकीची कागदपत्रे हाताळणारे यांना. क्रेनचालकाने यंत्राच्या खोलीत न बसता दूरच्या कक्षातून पडद्यावर पाहून काम करण्याचे तंत्रही येथील टर्मिनलांत आले असून एका चालकाकडे एकाहून अधिक यंत्रे सोपविणे त्यामुळे शक्य होते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत उपनगरी रेल्वेही पोहोचली. यामुळे द्रोणागिरी व उलवे येथील वसाहतींत राहून बंदरात काम करणे सुकर झाले आहे; त्याचबरोबर मुंबईचा उमेदवारही उरणच्या उमेदवाराइतकाच बंदराजवळ आला आहे.

पालघर जिल्ह्यात डहाणूनजीक वाढवण येथे नव्या बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के व महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. तेथील मच्छीमारांनी या बंदरास दीर्घकाळ विरोध केला असून कामाचा प्रारंभ होण्यापूर्वीच प्राधिकरणाने परिसरातील तरुणांसाठी कौशल्यप्रशिक्षणाची योजना हाती घेतली आहे. शेवा येथे असे प्रशिक्षण जमीन जाण्यापूर्वी देण्यात आले नव्हते.